तू जेवल्या काय

माझ्या इंग्रजी शाळेत मराठी बोललं की दंड व्हायचा, आणि घरी कधी चुकून ‘मले’ म्हटलं की आई नुसती बघायची. वडील कोर्टात नोकरीला होते, आजोबा तहसीलमध्ये. आमच्या घरात सगळे कुठल्या ना कुठल्या कचेरीतलेच. त्यामुळे यवतमाळात जन्मून तिथेच वाढूनही यवतमाळचं बोलणं मला फक्त ऐकता यायचं. भाजीवालीचं, रिक्षावाल्याचं, शेजारच्या अंगणातल्या भांडणाचं, सगळं कळायचं. माझं उत्तर मात्र पाठ्यपुस्तकातल्यासारखं निघायचं, आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर थोडं हसू यायचं. म्हणून मी शक्यतो उत्तरच द्यायचे नाही.

कापसाची ती वाईट वर्षं होती. आमच्या जिल्ह्याचं नाव लांबलांबच्या पेपरांत येऊ लागलं. त्यामागोमाग संस्था आल्या, पाहुणे आले, आणि त्या सगळ्यांना इंग्रजीत अहवाल हवे असायचे. मला पहिली नोकरी मिळाली ती एवढ्यासाठीच. आमच्या संस्थेच्या कार्यकर्त्या घाटंजीकडच्या गावांत जाऊन बायकांच्या बैठका घ्यायच्या, आणि मी लोहाऱ्याच्या रस्त्यावर भाड्याने घेतलेल्या घरात, तेच आमचं ऑफिस, बसून त्या बैठकांचं इंग्रजी करायचे.

कार्यकर्त्यांत एक ताई होत्या. नेरकडच्या शेतकरी घरातल्या, माझ्या आईपेक्षा थोड्या लहान. संध्याकाळी जीप आली की त्या चपला दारात झटकायच्या, माठातलं पाणी प्यायच्या आणि सरळ माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहायच्या. खांद्यावर हात.

“काय लिहून राह्यली वं एवढं? डोळे फुटतीन तुये.”

मी मान हलवायचे. त्यांना तेवढं पुरायचं.

“आज त्या कोपऱ्यातल्या बाईनं काय म्हटलं माहीत हाय काय? म्हणे, ताई, तुम्ही दर खेपेले इचारता, काय अडचण हाय, काय अडचण हाय. एखांद दिवशी इचारा नं, भाजी काय केली.” आणि त्या स्वतःच हसायच्या. “मंग मी इचारलं. तं अर्धा तास वांग्यावरच गेला नं वं.”

हे सगळं माझ्या मानेमागून चाललेलं. तोवर माझ्या डोक्यातलं वाक्य पार मोडून गेलेलं असायचं. मला एका वेळी एकच गोष्ट जमते. कुणी अंगाला हात लावला की मी आतून आखडते. यात ताईंचा दोष काही नव्हता, माझाही नसावा. पण हे त्यांना सांगायचं कसं, ते मला माहीत नव्हतं, आणि त्यांच्या ‘वं’ची मला एवढी सवय झाली होती की तो मला ऐकूसुद्धा येईनासा झाला होता.

दिवाळीनंतर पुण्याहून एक प्रशिक्षक मॅडम आल्या. त्यांनी आम्हाला सतरंजीवर गोल बसवलं आणि म्हणाल्या, प्रत्येकाने सांगायचं, मी काम कसं करते आणि माझ्याशी कसं वागलेलं मला बरं वाटतं.

जीपचे ड्रायव्हर भाऊ म्हणाले, “मायं एवढंच म्हणणं हाय, गाडीचं दार हळू लावा. थे दार म्हंजे मायं काळीज हाय.”

ताई म्हणाल्या, “मले बोलल्याशिवाय काम सुचत नाही. चूप बसलो तं समजा बिमार हाय.”

माझी पाळी येईपर्यंत मी मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. जुळवली होती इंग्रजीत. तिथे ती सभ्य होती, कुणाला दुखावणारी नव्हती, त्यांत ‘जमलं तर’ आणि ‘शक्य असेल तेव्हा’ होतं. मराठीत आणताना तेवढेच शब्द नेमके वाटेत गळाले. मी म्हणाले, “मला काम करताना कुणी बोललेलं चालत नाही. काही सांगायचं असल्यास लिहून द्यावं. आणि अंगाला हात लावलेला मला आवडत नाही.”

मग ड्रायव्हर भाऊ म्हणाले, “म्हंजे हॉर्न वाजवाचा नाही, फक्त डिपर माराचा,” आणि सगळे हसले. ताईही हसल्या. प्रशिक्षक मॅडमना माझं बोलणं फार आवडलं. बघा किती स्पष्ट सांगितलं, असं म्हणून त्यांनी ते मोठ्या कागदावर मार्करने लिहिलं. तो कागद पुढे बरेच दिवस भिंतीवर होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जीप आली. चपला झटकल्याचा आवाज आला, माठाचं झाकण वाजलं. मी खांदे आवळून बसले होते. ताई टेबलाच्या समोरच्या बाजूने आल्या, एक घडी केलेला कागद ठेवला आणि म्हणाल्या, “हे बैठकीचं. तुम्ही पाहून घ्या मॅडम.”

कागदावर लिहिलं होतं, महिलांनी अडचणी मांडल्या.

सुरुवातीला मला वाटलं, ही थट्टा आहे. थोडी थट्टा होतीही. ड्रायव्हर भाऊंनी एकदा माझ्यासमोर चिठ्ठी सरकवली, तिच्यावर ‘चहा?’ एवढंच. मी खाली ‘हो’ लिहिलं, आणि ते ऑफिसभर दाखवत फिरले. पण थट्टा संपली तरी ‘तुम्ही’ संपलं नाही. ताई रागावल्या असत्या तर मला कळलं असतं. त्या रागावलेल्या दिसत नव्हत्या. त्यांनी माझं म्हणणं मनावर घेतलं होतं, आणि ते पाळायचा त्यांना माहीत असलेला एकच मार्ग होता. ज्या माणसाला हात लावायचा नाही, ज्याच्याशी मध्येच बोलायचं नाही, असं माणूस त्यांच्या जगात एकच, साहेब. त्यांनी मला साहेब केलं.

मला हवी होती ती शांतता मला मिळाली. अहवाल वेळेवर जाऊ लागले. मी मागितलं ते चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. पण दुपारी आतल्या खोलीत डबे उघडले की तिथून आवाज यायचा, “घे नं वं, ठेचा खाऊन पाह्य,” “काहून वं, आज भाकर नाही आणली?” मी टेबलावर एकटी जेवायचे. त्यांना वाटायचं, मला तेच आवडतं. तो दोन अक्षरांचाही नसलेला ‘वं’ मला तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकू आला. आमच्याकडे तो बाईला लावतात, आपल्यातल्या बाईला. माझ्या नावापुढून तो गेल्यावर माझं नाव मला शाळेच्या हजेरीतल्यासारखं वाटायला लागलं.

उठून आतल्या खोलीत गेले असते तरी चाललं असतं. बसा मॅडम म्हणून कुणीतरी जागा दिली असती. त्या ‘बसा’च्या भीतीने मी गेले नाही.

उन्हाळ्यात कळलं की नेरला नवं केंद्र निघतंय आणि ताई तिकडे जाणार. घर जवळ पडणार म्हणून त्या खूश होत्या. मला हे त्यांनी सांगितलं नाही. सूचना फळ्यावर लागली होती, मी वाचेन असं त्यांनी गृहीत धरलं असणार.

त्या जायच्या आदल्या आठवड्यात रोज घरून निघताना मी एक वाक्य घोकायचे, या वेळी थेट मराठीत. ऑफिसच्या फाटकापाशी आलं की ते मला नाटकातलं वाटायचं. शेवटच्या दिवशी दुपारी ताई हात धुवायला बाहेर आल्या. मी माझा डबा हातात घेऊनच उभी होते.

“ताई,” मी म्हणाले, “तुम्ही मला तू म्हणा ना. आधी म्हणायच्या तसं.”

त्यांनी पदराला हात पुसले. पुसून झाले तरी पुसत राहिल्या. मग अगदी मनापासून, शाळेतल्या पोरीने धडा म्हणावा तशा म्हणाल्या, “बरं. तू... तू जेवल्या काय?”

त्यांच्याही ते लक्षात आलं. “हात् बाप्पा,” त्या म्हणाल्या, “जिभेले वळणच पडलं पाहा. आता नाही वळत मॅडम.” आम्ही दोघी हसलो. “पण तुम्ही मनाले नोका लावून घेऊ. मले तुमचा राग नाही. तुम्ही सांगतलं थे बरं केलं, नाहीतं मी काय, बोलतच राह्यलो असतो.”

मला म्हणायचं होतं, मग बोलत राहा. मी म्हणाले, “नाही नाही, ठीक आहे.”

संध्याकाळी आम्ही सगळे त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. नेरची गाडी लागली होती. ताई हातात पिशव्या घेऊन दाराकडे निघाल्या. मी दारापाशीच उभी होते, आणि माझ्या पलीकडे पायरीवर एक कॉलेजची मुलगी मैत्रिणीशी बोलत रेंगाळली होती.

“सरक नं वं जराशी,” ताई म्हणाल्या, “चढू दे माय.”

मी पटकन बाजूला झाले. इतक्या पटकन की मागच्या माणसावर आपटले. वळून पाहिलं तर ताई माझ्याकडे बघत होत्या.

“तुम्हाले नाही मॅडम,” त्या म्हणाल्या. “तुम्ही उभ्या राहा.”

ती मुलगी वर न बघताच सरकली. ताई चढल्या, खिडकीची जागा धरली, पिशव्या मांडीवर घेतल्या आणि गाडी हलायच्या आतच शेजारच्या बाईशी बोलायला लागल्या.