पॅगोड्याची ट्रिप आणि आमचा दादा

दादा गेल्यापासून जो भेटतो तो एक किस्सा सांगून जातो. सांत्वन कोणाला जमत नाही, किस्सा जमतो. त्यातले बरेचसे पॅगोड्याच्या ट्रिपचेच. काही माझ्याकडे आधीच होते, आता एवढे साठलेत की लिहून टाकतो. मी नववी नापास. चुकलं तर हसा.

आमचा ग्रुप इंग्लंडमधल्या ब्रॅकनेल-बेसिंगस्टोकचा. दादा, म्हणजे प्रदीप, सॉफ्टवेअर टेस्टर. मी संदीप, त्याचा धाकटा भाऊ, रेस्टॉरंटच्या किचनमध्ये. मिलिंद दादाच्या ऑफिसातला. वासनिक काका नागपूरचे रिटायर्ड मास्तर, मुलीकडे आले ते राहिलेच. शिवाय सात-आठ घरं. बुद्धपौर्णिमेनंतरच्या रविवारी मिनीबस करून थेम्सकाठच्या एका गावी जायचं. तिथे नदीला लागून पॅगोडा आहे आणि पलीकडे जुन्या ख्रिस्ती मठाच्या पडक्या भिंती. दादा त्रिशरण-पंचशील पुढे म्हणायचा, आम्ही मागून.

फेब्रुवारीत दादा ऑफिसच्या जिन्यातच कोसळला आणि गेला. एकतीस वर्षांचा होता. यंदा पुढे म्हणायचं काम माझ्यावर आलं. पंचशील मला येतं. भीती एकाच शब्दाची होती. आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावाआधी 'कालकथित' म्हणतात. तीन महिन्यांत मी तो शब्द दादाच्या नावाला लावला नव्हता. अकोल्याहून फोनवर आईनेही नाही.

*

पहिल्या वर्षी काकांचा हुकूम होता, सगळ्यांनी पांढरे कपडे घालायचे. बसमधून उतरलो तर पॅगोड्याशेजारच्या मैदानावर पांढऱ्याच कपड्यांतले गोरे उभे. त्यांचा कॅप्टन धावत आला. उशीर झाला तरी हरकत नाही म्हणाला, आधी बॅटिंग करणार का म्हणून विचारलं.

दादा म्हणाला, "यस."

खरी टीम रस्ता चुकली होती. ती पोचेपर्यंत दादा अकरा रन काढून आऊट झाला होता आणि मिलिंद पॅड बांधत होता.

"अरे, तू यस कशाला म्हणालास?" मिलिंदने बसमध्ये विचारलं.

दादा म्हणाला, "दोन वर्षांत इतक्या प्रेमाने कोणी बोलावलं नव्हतं रे."

*

पुढच्या वर्षी पार्कचा माणूस आला. मेणबत्त्या लावायच्या तर म्हणे रिस्क असेसमेंटचा फॉर्म भरा. दादाला फॉर्म म्हणजे पक्वान्न. बसच्या बॉनेटवर ठेवून भरायला लागला. धोका: वारा. उपाय: काका.

त्या माणसाने फॉर्म दोनदा वाचला. "काका म्हणजे काय?"

दादाने बोट दाखवलं. काका वाऱ्याकडे पाठ करून, ओव्हरकोटाच्या दोन्ही बाजू पसरून मेणबत्त्यांपुढे उभे होते.

माणसाने सही केली आणि खाली एक ओळ वाढवली. 'काकांना मेणबत्त्यांपासून तीन फूट लांब ठेवणे.'

*

पॅगोड्यात एक म्हातारे जपानी भन्ते असायचे. जेवण मी घरून करून न्यायचो. एकदा वरण-भाताबरोबर मी त्यांना ठेचा वाढला, तोही अकोल्याच्या हिशोबाने. भन्तेजींनी घास घेतला आणि डोळे मिटून बसले. गालांवरून पाणी वाहायला लागलं.

काका हात जोडून म्हणाले, "करुणा."

दादा म्हणाला, "ठेचा."

*

काकांना पडकी भिंत दिसली की तिथे विहार दिसतो. त्या मठाच्या मागच्या बाजूला दगडात कोनाड्यांची एक रांग आहे. काका म्हणाले, हे ध्यानाचे कोनाडेच, ख्रिस्ती लोकांनी नंतर घेतले. मग ते दरवर्षी शेवटच्या कोनाड्यात फूल ठेवायचे आणि पाच मिनिटं डोळे मिटून उभे राहायचे. आम्हीही राहायचो.

चौथ्या वर्षी तिथे नवा बोर्ड लागला होता. दादा तो वाचून लगेच त्याच्यापुढे उभा राहिला. काकांनी त्याला खांद्याला धरून बाजूला केलं, चष्मा लावला आणि मास्तरांसारखं मोठ्याने वाचलं. ते मठाचे संडास होते.

काका दादाकडे वळले.

"तुला कधीपासून माहीत होतं?" काकांनी विचारलं.

"पहिल्या वर्षापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही एवढे खूश होता काका."

काकांनी हातातल्या फुलाकडे पाहिलं. म्हणाले, "आता आणलंच आहे तर," आणि ठेवलं.

*

आणि हा यंदाचा.

आईला ऐकायचं होतं, म्हणून कॉलिंग कार्डाने अकोल्याला फोन लावला. मिलिंदने मोबाईल स्पीकरवर करून माझ्यापुढे धरला. मागे तीस माणसं, पांढऱ्या कपड्यांत, हात जोडून. मी एकेक ओळ म्हणायचो, सगळे मागून म्हणायचे. पंचशील न चुकता झालं. पुढची ओळ दादाच्या नावाची होती, केलेलं पुण्य गेलेल्याला देण्याची. मी थांबलो.

नदीवरून एक बोट गेली. तिच्या लाटाही काठाला लागून गेल्या. मी थांबलेलाच.

"संदीप, थांबून काऊन राहिला?" फोनमधून आई.

"म्हणतो."

"म्हण ना मग. माझ्यानं नाही होत बाबा."

काका माझ्या कानाशी आले. "बेटा, मी म्हणू का?"

"नाही," मी म्हणालो. डोळे घट्ट मिटले आणि एका दमात म्हणून टाकलं, "कालकथित संदीप यांना आम्ही पुण्यानुमोदन करतो."

सवयीने सगळे मागून म्हणाले. तीसच्या तीस माणसांनी, खणखणीत आवाजात. काकांनीसुद्धा.

मग कोणाच्या तरी लक्षात आलं असावं. मागे कुजबूज सुरू झाली. मी डोळे उघडले नाहीत.

फोनमध्ये खरखर झाली.

"अबे येड्या," आई म्हणाली, "तू आहेस अजून. कालकथित प्रदीप, असं म्हण."