पेंटरनं उघडलेले डोळे

ये गं, अशी जवळ बस. पण आधी दोन शब्द ऐकून घे. जुन्या तैलचित्राखाली कुणी चिठ्ठी डकवली की तुम्ही शिकलेली माणसं चित्र सोडून चिठ्ठीच वाचता. ही अमक्या संस्थानची राणी म्हटलं की लागल्या माना डोलायला. असल्या राण्या कशा तयार होतात, ते मी सत्तर-पंच्याहत्तरच्या सुमाराला आमच्या कोल्हापूरच्या घरात चहा ओतता ओतता बघितलंय.

सोप्यात सासूबाईंचं तैलचित्र होतं. माझ्या लग्नाआधीच त्या गेल्या, सवाष्ण गेल्या. म्हशींच्या धारा काढून पेठेत दूध घालण्यात जन्म गेला. जिवंतपणी फोटोला सवड कुणाला? गेल्यावर मात्र सासऱ्यांनी त्यांना खुर्चीत टेकवून फोटो काढून घेतला. तशी रीतच होती. त्यावरून पेंटरनं चित्र केलं. मिटलेले डोळे उघडायचे म्हणून दहा वर्षांच्या लेकीला, म्हणजे माझ्या नणंदेला, समोर बसवलं. शालू आणि मोती पेंटरच्या पदरचे.

पुढं लग्न होऊन नणंद मलकापूरला गेली. दर पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला यायची, चित्रातल्या आईचं कपाळ ओल्या फडक्यानं पुसायची, नवं कुंकू लावायची. पुसून पुसून तिथला रंगच उडाला.

एके वर्षी नवमीच्या आदल्या दिवशी, माझे मालक शिरोलीला फाउंड्रीत पाळीवर गेलेले बघून, दिरानं मुंबईचा एक व्यापारी आणला. अंगात रेशमी झब्बा, हातात भिंग. चित्र उतरवून त्या उडालेल्या रंगावर भिंग धरून म्हणाला, "इथं हिरा होता. गादीच्या भांडणात कुणीतरी खरवडलाय. आणि डोळ्यांत बघा, राजवाड्यातलं एकटेपण."

"व्हय, आमचं आजोबा सांगायचं तसं," दीर म्हणाला. ह्याचे आजोबा हा जन्मायच्या आधीच गेलेले.

मी म्हटलं, "पावणं, ते एकटेपण न्हाय, भूक हाय. पोरगी सकाळधरनं उपाशी बसलीती."

तो हसला. "वहिनी, हे बाहेर बोलू नका. लोक चित्र घेत नाहीत, गोष्ट घेतात."

तेवढ्यात नणंद दारात. उतरवलेलं चित्र बघून पिशवी न ठेवताच त्याच्यापाशी येऊन बसली. तो मूळ फोटो कधीच वाळवीनं खाल्लेला. आईचं तोंड म्हणून तिला जगात एवढंच उरलं होतं. व्यापाऱ्यानं तिच्या डोळ्यांकडं बघितलं, मग चित्राकडं. मला वाटलं, आता तरी लाजेल. कसला लाजतोय. म्हणाला, "वा, वंशज. चित्राशेजारी ह्यांचा फोटो काढू."

नणंद आत गेली, कुंकू कालवून आणलं आणि आईच्या कपाळावर हे एवढं थापलं.

"अहो, माल खराब होईल."

"आमची आई हाय. राणी न्यायला आला असाल तर ती हितं न्हाय."

दीर कळवळला, "अगं, मी शब्द दिलाय त्यांना."

"मग तुझा शब्द घिऊन जाऊ दे की."

चित्र गोधडीत गुंडाळून मीच तिला एसटीत बसवून दिलं. व्यापाऱ्याला त्याचं काय? जाता जाता दिराला म्हणाला, दुसरं कुठं असलं तर कळवा. आणि ह्यानं कळवलंही. गल्लीतल्या दोन-तीन घरच्या म्हाताऱ्या राण्या होऊन मुंबईला गेल्या.

सासूबाई अजून मलकापुरातच आहेत. नणंद आता थकलीय. आता परत लवकर ये बाई, दोघी मिळून तिच्याकडं जाऊ.