बसणारी सीट

सन एकोणीसशे चौऱ्याहत्तर. माझं वय एक्केचाळीस. फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनीवर आलो होतो आणि कडावला वेल्डिंगचं दुकान टाकलं होतं. शाळा तिसरीपर्यंत. पण फौजेच्या छोट्या विमानांवर मी फिटर होतो. माझ्या हातचा जोड आजवर सुटलेला नाही. ज्याला बघायचा असेल त्याने येऊन बघावा.

मेजर कर्णिक तीच विमानं उडवायचे. तेही रिटायर होऊन खालापूरला राहिले. बंगल्यामागच्या शेडमध्ये त्यांनी स्वतःचं विमान बांधायला घेतलं. एका माणसाचं. पाइपचा सांगाडा, वरून कापड. लोक हसायचे, ते बांधायचे.

एक दिवस त्यांच्या बाईसाहेबांनी मला बोलावून घेतलं.

"हवालदार, बाकी विमान ते करोत. सीट तुम्ही करा. तुम्ही ठीक म्हणेपर्यंत मी यांना आत बसू देणार नाही."

सीटच का, ते सांगतो. डोंगरातल्या पोस्टिंगवर माझ्याबरोबर नाईक भिवा गायकवाड होता, दहिवलीचा. आम्ही एकाच दिवशी भरती झालेले. एका सकाळी मेजर साहेब, तेव्हाचे कॅप्टन, त्याला मागच्या सीटवर घेऊन उडाले. उतरताना इंजिन बंद पडलं. विमान पट्टीच्या अलीकडे आपटलं, शेपटीकडची बाजू आधी. साहेबांचा पाय मोडला. भिवाच्या अंगावर ओरखडा नव्हता. पट्टा लावलेला, सीट जागेवर. त्याने पाणी मागितलं. मी आणेपर्यंत तो गेला. डॉक्टर म्हणाले, मणका. चौकशीत निघालं, सीट शाबूत. त्या सीटची तपासणी माझ्याकडे होती, म्हणून ते दोन शब्द मी मेडलसारखे वागवत आलो.

तर मी सीट केली. जाड पाइप, जाड पत्रा, चारी पाय सांगाड्याला बोल्टने आवळायचे. साहेबांनी उचलून बघितली.

"हवालदार, तुला विमानाची सीट सांगितली होती. रणगाड्याची नाही."

"मोडणार नाय, साहेब."

"बघू."

त्यांनी शेडजवळच्या आंब्याला कप्पी बांधली. सीटवर भाताचं पोतं पट्ट्याने आवळलं. पोत्यावर सुतळीने एक मडकं बांधलं.

"हे कशाला?"

"हा माझा मणका."

वर ओढून सोडलं. सीटला काही झालं नाही. मडक्याच्या खापऱ्या झाल्या.

मी म्हणालो, "बघा साहेब, सीट शाबूत."

साहेब खापऱ्यांकडे बघत होते. म्हणाले, "सीट शाबूत. आणि मी?"

ते दोन शब्द माझ्याच तोंडून आले होते. त्या दिवशी मी जेवलो नाही.

मग मी सीटला नवार विणली, खाटेला विणतात तशी. मऊ बसेल म्हणून. या वेळी पोतं उसळलं, मडकं उडालं आणि आंब्याच्या बुंध्यावर फुटलं. आणखी दोन मडकी तशीच गेली. नवार सैल करून बघितली, आवळून बघितली. मी हट्ट सोडत नव्हतो.

मडकी आणायला माझी बायको पारू जायची. ती एक दिवस माझ्यासमोर मडकं आपटायच्या बेतानेच ठेवत म्हणाली, "अवं, कुंभार इचारतोय, तुमच्याकडं रोज कोण मरतं?"

मेजर साहेब इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं.

"हसताय काय, साहेब?" पारू म्हणाली. "गाडीतनं पोतं पेंढ्यावर टाकलं तर उसळतं का? बसतं गपकन. ह्यांची सीट बसतच नाय."

मला राग आला. "सीट बसली म्हंजे मोडली, पारू! इंजिन बसतं, बैल बसतो, धंदा बसतो. चांगली वस्तू बसत नाय."

"मग माणसानं बसायचं कशावर?"

साहेबांचं हसू थांबलं. ते म्हणाले, "हवालदार, पेंढा दबतो आणि दबलेलाच राहतो. परत ढकलत नाही. तसलं काही पत्र्याचं करता येईल?"

येईल की. लोहाराच्या भात्याला असतात तशा घड्या पाडल्या पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याला आणि बैठकीखाली बसवल्या. पट्टे मात्र सीटला नाही, थेट सांगाड्याच्या पाइपला. सीट खाली गेली तरी माणूस विमानातच राहिला पाहिजे. पहिला पत्रा जाड पडला, दबलाच नाही. पुढचा पातळ घेतला. सोडलं. सीट चार बोटं खाली बसली आणि तिथेच थांबली. मडकं जसंच्या तसं. पारूने ते सोडवलं, घरी नेलं आणि पाणी भरून ठेवलं.

मी नव्या घड्या बसवल्या आणि बाईसाहेबांना सांगितलं, ठीक.

भात कापून झाल्यावर, उडवायची परवानगी हातात आली तेव्हा, गावाबाहेरच्या माळावर विमान नेलं. सकाळची वेळ. बाईसाहेबही आल्या होत्या. वारा नव्हता.

"सीट?"

"चेक, साहेब."

"पट्टे?"

"चेक."

विमान पळालं, उठलं, ताडाच्या शेंड्याएवढं वर गेलं. मग इंजिन खोकलं आणि बंद पडलं. तो आवाज मला ओळखीचा होता. विमान सपाट खाली आलं, चाकं दोन बाजूंना फाकली, धूळ उडाली. मी पळालो. पाण्याचा कॅन हातात घेऊनच पळालो.

साहेब डोळे उघडे ठेवून बसले होते.

"साहेब, पाय हलवा."

"हलवतोय."

"दोन्ही?"

"दोन्ही, हवालदार. आता पट्टा सोड, पोट आवळतंय."

ते स्वतः उतरले. मी दिलेलं पाणी प्यायले. मग बाईसाहेबांचा हात धरून चालत घरी गेले, त्या जुन्या लंगड्या पायाने. जाताना बाईसाहेबांनी मागे वळून विचारलं, "सीट गेली का हो?"

"गेली नाय, बाईसाहेब. बसली."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चेपलेली सीट सायकलच्या कॅरियरला बांधली आणि दहिवलीला गेलो. भिवाची आई अंगणात तांदूळ निवडत होती. मी सीट सोडून तिच्यापुढे ठेवली.

"हे काय आणलंस रं?"

"सीट हाय, आये. काल मेजर साहेब हिच्यावर बसून पडलं. चालत घरी गेलं."

तिने घड्यांवरून बोटं फिरवली. दबलेल्या, एकावर एक बसलेल्या.

"माझ्या भिवाची अशी नव्हती?"

"नव्हती, आये. तवा आमाला ठावं नव्हतं."

ती सूप बाजूला ठेवून उठली आणि त्या सीटवर बसली. नीट, पाठ टेकून.

"बरी हाय," म्हणाली. "ऱ्हाऊ दे हितंच."

मी तिच्या पुढ्यात जमिनीवर बसलो आणि सूप ओढून तांदूळ निवडायला घेतले.