गढीच्या उतारावर कोणाची मोटार आधी सुटली?

होळीपूर्वीचा सोमवार: नगरपालिकेच्या आवारात दोन बैलगाड्या भरून केळीचे खांब उतरले. जबाबदार: अध्यक्ष.

मंगळवार: गढीच्या उतारावरचे झाडून सगळे दगड उचलून त्यांना चुना फासण्यात आला. जबाबदार: अध्यक्ष, आणि माना डोलावणारे सर्व सभासद.

बुधवार, दुपार: गारपीट. जबाबदार कोणी नाही.

बुधवार, गारपीट थांबल्यावर: पंचनाम्यापूर्वी एक मोटार बैल जुंपून जागची हलवली गेली. जबाबदार: अध्यक्ष, आणि त्या वेळी पाठ फिरवून सातपुड्याची शोभा पाहत उभे राहिलेले फौजदार.

निसर्गावर दावा लावण्याइतका मी मूर्ख नाही. माझी तक्रार पहिल्या, दुसऱ्या व चौथ्या कलमाबद्दल आहे.

द्विभाषिक राज्याचे दिवस होते. मी पारोळ्याहून धुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात वकिली करीत असे. गावाचे नाव घेत नाही. दोष गावाचा नव्हता. माझ्याकडे एक जुनी मोटार होती. तिचा हातब्रेक, गावातल्या इतर मोटारींच्या हातब्रेकांप्रमाणेच, शोभेपुरता उरला होता. त्याचे कोणाला वैषम्य नसे. मोटार थांबली की उतरायचे आणि चाकाला दगड लावायचा, हा आमच्याकडचा शिरस्ता. स्टेपनीशेजारी जो स्वतःचा दगड बाळगत नाही, त्या माणसाला आम्ही बेफिकीर समजत असू.

त्या बुधवारी दवाखान्याच्या पायाभरणीला मंत्री यायचे होते. मांडवापुढचे मैदान फोटोसाठी मोकळे हवे, म्हणून सगळ्या मोटारी गढीच्या उतारावर, तोंडे खाली करून, एकामागे एक लावायच्या असा हुकूम सुटला. सर्वांत वर अध्यक्षांची, तिच्या पुढे माझी, माझ्यापुढे डॉक्टरांची, शेवटी जिनिंगवाल्या शेठजींची. उताराच्या तळाशी केळीच्या खांबांची स्वागतकमान, आणि कमानीखाली आमच्या गावचा सनईवाला.

मी दगड लावायला वाकलो तोच नगरपालिकेचा शिपाई धावत आला.

"दगड नको, वकीलसाहेब! अध्यक्षसाहेबनी मनाई शे."

"मग चाकाला काय लावू? माझी पगडी?"

"बठ्ठा दगड चुनामा गयात. मंत्रीसाहेबले रस्ताना काठले पांढरी वळ दिखाले पाहिजे. आठे केळना खांब लावाना." त्याने उरलेल्या खांबांचे तुकडे पुढे केले.

माझा स्वतःचा दगडही त्याने नेला. काळा दगड रस्त्यात दिसता कामा नये, असे त्याला बजावले होते. मी अध्यक्षांकडे गेलो. ते हार मोजून घेत होते.

"केळीचा खांब पाण्याने भरलेला असतो," मी म्हणालो. "चाकाखाली तो ठरेल कसा?"

"वकीलसाहेब, तुम्ही सत्यनारायणालाही हरकत घ्याल. लग्नात याच खांबांवर आपण मांडव उभा करतो ना?"

"मांडव उतारावरून घरंगळत नाही."

भोवतालचे सभासद हसले. अध्यक्षांना वाटले, ते वकिलालाच हसले.

दुपारी उत्तरेकडून आभाळ काळेनिळे होऊन आले आणि गारा पडू लागल्या. आधी बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या. मांडवाचे कापड टराटर फाटले. प्रतिष्ठित नागरिकांनी खुर्च्या उचलून डोक्यावर धरल्या. याच नागरिकांना पुढे साक्षीदार म्हणवण्यात आले. ज्याने खुर्ची डोक्यावर घेतली आहे, त्याला खुर्चीखेरीज काहीही दिसत नाही, हा पुराव्याचा साधा नियम कोणालाही सुचला नाही. मी मात्र मांडवाच्या तोंडाशी लाकडी फळीच्या आडोशाला उभा होतो आणि माझी नजर उतारावर होती.

उतार बघता बघता पांढरा झाला. खानदेशातल्या रस्त्याला बर्फ ठाऊक नाही, चाकांना नाही आणि आम्हालाही नाही. प्रथम हलली ती सर्वांत वरची मोटार, अध्यक्षांची. तिच्याखालचा खांब पिचून त्याचा पाणीदार लगदा झाला, आणि गारांवरून ती अगदी संथपणे, नव्या नवरीसारखी, खाली आली. तिने माझ्या मोटारीला मागून धडक दिली. माझी डॉक्टरांच्या मोटारीवर गेली, डॉक्टरांची शेठजींच्या, आणि शेठजींची कमानीत घुसली. कमान सनईवाल्यावर कोसळली. त्याने सनई छातीशी धरून ठेवली, म्हणून सनई वाचली. उजव्या हाताची दोन बोटे मात्र चिरडली.

आम्ही त्याला उचलून डॉक्टरांच्या घरी नेले. मी परत आलो तेव्हा अध्यक्षांच्या मोटारीला दोर बांधून बैल तिला चढावर ओढत होते. बैलांचे खूर गारांवर सरकत होते, हाकणारा शिव्या देत होता.

"हे काय चालवले आहे?" मी फौजदारांना विचारले. "पंचनामा व्हायचा आहे!"

"रस्ता मोकळा करतोय, वकीलसाहेब," ते डोंगराकडे पाहत म्हणाले.

"मग फक्त एकच मोटार का?"

"बैल एकच जोडी आहे."

पंचनाम्यात नोंद झाली ती अशी: अध्यक्षांची मोटार उताराच्या माथ्यावर सुस्थितीत उभी आढळली, तिच्या चाकाला दगड व्यवस्थित लावलेला होता. होता खरा. त्या दगडाचा ओला चुना टायरला लागला होता. पंचांना चुना दिसला नाही. नगरपालिकेच्या पुढच्या सभेत ठराव झाला की वकिलांची मोटार प्रथम सुटल्याने अपघात घडला, सबब सभा त्यांच्या निष्काळजीपणाबद्दल खेद व्यक्त करते. मंत्री धुळ्याहून निघालेच नव्हते. तेवढी एक गोष्ट त्या दिवशी शहाणपणाची घडली.

मी अर्ज केले, स्मरणपत्रे पाठवली, कलेक्टरांना लिहिले. उत्तरे आली ती पोचपावतीची. ते मी सहन केले असते. वकिलाला हरण्याची सवय असते.

पण तो ठराव सनईवाल्याला कोणीतरी वाचून दाखवला. बोटे वाकडी राहिली तरी तो जिद्दीने पुन्हा वाजवायला शिकला होता. सूर पूर्वीसारखा गोल लागत नसे, तरी लोक त्यालाच बोलावत. माझ्या मुलीचे लग्न ठरले तेव्हा मी स्वतः सुपारी घेऊन त्याच्या दारी गेलो. त्याने मला बसायलाही सांगितले नाही.

"तुम्हना मांडवमा मी वाजाडाव नही, वकीलसाहेब."

"बाबा, ती मोटार माझी नव्हती. आधी सुटली ती..."

"बठ्ठा गावनं लिखेल शे," तो म्हणाला. "बठ्ठं गाव खोटं, आन तुम्ही एकला खरा?"

मी सुपारी खिशात घालून परत आलो. आजही तो रस्त्यात मला पाहून बाजू बदलतो. आम्ही दोघेही म्हातारे झालो आहोत.

म्हणून मी माजी अध्यक्षांना जाहीरपणे विचारतो. मला भरपाई नको, माफी नको, आणि खासगीत पाठवलेली दिलगिरीची चिठ्ठी तर मुळीच नको. येत्या बाजाराच्या दिवशी, भर चौकात, त्या सनईवाल्याच्या समोर उभे राहा आणि त्याच्या डोळ्यांत पाहून सांगा: कोणाची मोटार आधी सुटली? बैल कोणी जुंपायला लावले? चुन्याचा दगड चाकाखाली कोणी सरकवला? अहिराणीत सांगा, म्हणजे त्याला दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावे लागणार नाही.