चहा खाणारा बंड्या

माझा भाऊ घोटभर पाण्याला महाग झाला होता. आणि पाणी मोजून देणारी मी होते.

आज बंड्याला जाऊन वर्ष झालं. सकाळपासून मी सगळ्यांवर खेकसतेय. म्हटलं, त्यापेक्षा लिहून टाकावं.

आधार कार्डावर सुहास. दिंडोशीत, सेटवर, सगळीकडे बंड्या. माझ्यापेक्षा लहान. गोरेगावच्या स्टुडिओत लाइटचं काम करायचा. सेटवर चहाची किटली फिरायची आणि हा पठ्ठ्या प्रत्येक फेरीला हात पुढे करायचा.

मग दोन्ही किडन्या गेल्या.

डायलिसिस काय असतं ते ज्यांच्या घरात आहे त्यांनाच कळतं. लघवी होत नाही. प्यायलेलं पाणी अंगातच राहतं, पाय सुजतात, छाती भरते, श्वास लागतो. म्हणून दिवसभराचं पाणी एका छोट्या बाटलीत. गोळ्या त्यातच गिळायच्या. चहा प्यायचा तर तोही त्यातूनच वजा.

मी किडनी द्यायला तयार होते. टेस्टमध्ये माझीच शुगर निघाली. आई हार्ट पेशंट. वेटिंग लिस्टमध्ये नाव घातलं होतं, नंबर आलाच नाही.

घरात चहा करायची चोरी झाली. आई आणि मी शेजारच्या काकूंकडे जाऊन प्यायचो. तरी हा ओळखायचा.

"पिऊन आलात ना दोघी? बसा इथे समोर, वास तरी घेऊ दे."

हसत बोलायचा मेला. मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटायची. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायचा आणि रडायचं.

एकदा डायलिसिस चालू असताना त्याने मला व्हिडिओ पाठवला. कुणी गोरी बाई चहा घातलेले स्कोन भाजत होती. स्कोन म्हणजे पाव आणि बिस्किट यांच्या मधलं काहीतरी. खाली मेसेज:

"ताई, चहा खाता येतो!!"

"मला चपाती गोल जमत नाही, बेकिंग काय डोंबल करणार?"

"यूट्यूब आहे ना यार. ट्राय तर कर."

आई म्हणाली, "चाय काय खावची वस्तू आसा?"

केलं. चहा पावडर थोड्याशा दुधात कडक उकळली, गाळली, फ्रीजमध्ये गार केली. मैद्यात थंड लोणी चोळलं, साखर, वेलची, आणि ते चहाचं दूध घालून मळलं.

ओव्हनमधून दगड बाहेर आले.

बंड्याने एक घास खाल्ला. "चहा आहे गं! खरंच चहा आहे!" एवढं म्हणाला आणि त्याला ठसका लागला. कोरडा घास घशातच बसला. तो उतरवायला बाटलीतलं उरलेलं सगळं पाणी गेलं.

त्या संध्याकाळी तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. ओठांवरून ओला रुमाल फिरवत. मी अख्खा ट्रे कचऱ्याच्या डब्यात उपडा केला. पोराला सुख द्यायला गेले आणि वाट लावून बसले.

डायटिशियनने मला आधी झापलं. मग म्हणाली, "आंबट काहीतरी द्या. लाळ सुटते, तोंड कोरडं पडत नाही." संत्र्याचा रस नको, त्यात पोटॅशियम. लिंबाचे थोडे थेंब चालतील. बेकिंग पावडर नावाला. आणि एकच छोटा तुकडा, लाड नकोत.

मग पिठीसाखरेत लिंबू पिळून दाट पाक केला आणि गरम स्कोनवर ओतला. लोणी जास्त, भाजणं कमी. या वेळी मऊ झाले.

बंड्याने तुकडा जिभेवर ठेवला. डोळे मिटले. मी बाटली हातात धरून उभी, जीव मुठीत.

"आधी लिंबू लागतं," तो म्हणाला. "तोंड ओलं होतं. मग मागून चहा येतो. झकास, ताई. कटिंग मारल्यासारखं वाटलं."

पाणी मागितलं नाही.

त्यानंतर दर डायलिसिसला डबा. ऑफिसमध्ये लोक म्हणायचे, "वॉव, तू तर बेकर झालीस!" काय सांगणार त्यांना, कप्पाळ?

गेल्या वर्षी त्याचं हृदय थकलं. मशीनवर घेतलं की बीपी पडायचं. शेवटी डायलिसिसही झेपेना. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरबाईंनी मला बाहेर बोलावलं.

"आता पाण्याचं बंधन ठेवू नका. मागतील ते द्या."

मला एक सेकंद आनंद झाला. शप्पथ. मग कळलं, बंधन का काढलं ते.

खाली टपरीवरून आलं घातलेला फुल कप आणला. वरपर्यंत थेंबही सांडू दिला नाही.

आईने कप पाहिला आणि तिचा चेहराच बदलला. "डॉक्टरान चाय पिऊक सांगल्यान? बघ, आता बरो होतलो माझो झील!" तिने तिथेच हात जोडले.

बंड्याने कप पाहिला. काठोकाठ भरलेला. मग माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं. इतकी वर्षं घोट मोजलेला माणूस तो, त्याला काय वेगळं सांगायचं?

"होय गे आई," म्हणाला. "बरो होतलंय."

कप मी धरला. थांबत थांबत सगळा प्यायला. आई त्याचे पाय चेपत बोलत होती. घरी गेल्यावर काय करून घालीन, कुठला नवस फेडीन.

ती नर्सला आनंदाची बातमी सांगायला गेली तेव्हा त्याने माझं मनगट धरलं.

"ताई, तिला बोलू नकोस."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

आई अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, आदल्या दिवशी पोर चांगलं सुधारलं होतं, कपभर चहा प्यायलं, मग कुणाची नजर लागली कोण जाणे. मी मान हलवते.

आई फेसबुकवर नाही, म्हणून इथे लिहिलं. आमच्या घरी येणाऱ्यांनी प्लीज तोंड बंद ठेवा.

बंड्या, नाही बोलले रे तिला. बोलणारही नाही. तू नीट जा.