इंजिनाला ओवाळताना

"अक्का, दाजींना सांगू नको. गाडीच्या टाकीतून घेतलंय मी थोडं."

मामा हळू बोलला, पण मला ऐकू आलं. दसऱ्याची सकाळ होती. जालन्याच्या आमच्या घरासमोर गाडीचं बॉनेट उघडं होतं आणि त्याच्या आड मामा आणि आई उभे होते. मी पायरीवर बसून झेंडूची माळ ओवत होते.

"मी कशाला सांगू?" आई म्हणाली. "पण चूळ भर आधी. तोंडाला वास येतोय."

नळाला पाणी यायचा तो दिवस नव्हता. मामाने हौदातून तांब्या भरून घेतला आणि फाटकाबाहेर जाऊन तीनदा चूळ भरली. तिसऱ्या चुळीनंतर त्याने मागे वळून पाहिलं. मी मान खाली घातली.

टाकीतलं पेट्रोल नळीने, तोंडाने ओढून काढतात, एवढं मला ठाऊक होतं. मामाची मोटारसायकल फाटकाशीच उभी होती आणि दुपारी त्याला वाटूरला परत जायचं होतं. बाकीचं माझ्या मनाने जोडून टाकलं. मला तशी सवयच होती. बोलायला लाजणारी मुलगी दिवसभर बघत बसते, आणि दिवसभर बघत बसलं की प्रत्येक जण काहीतरी लपवतोय असं वाटायला लागतं.

मामा आईचा धाकटा भाऊ. बाबांचं आणि त्याचं तीन वर्षं नीट बोलणं नव्हतं. त्याने एकदा बाबांची स्कूटर 'पाच मिनटांत बराबर करतो' म्हणून खोलली होती आणि तिचे उरलेले दोन नट आमच्या खिडकीत अजून पडून होते. तेव्हापासून बाबा त्याला फक्त 'या' आणि 'बसा' म्हणायचे. त्या वर्षी आम्ही जुनी पांढरी गाडी घेतली, आणि तिच्या पहिल्या दसऱ्याला इंजिन साफ करायला आईने मुद्दाम मामाला बोलावलं. बाबा कसेबसे तयार झाले. अट एकच घातली, की गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात लिहिलंय तसंच करायचं. पुस्तक इंग्रजीत होतं. म्हणून सफाई सुरू होताना मला गाडीजवळ उभं केलं गेलं.

"वाचा मॅडम," मामा म्हणाला होता. "काय म्हणून राह्यली तुमची पोथी?"

मी एकेक ओळ मनात वाचून मराठीत सांगत होते. इंजिन पूर्ण गार असावं. बॅटरीची काळी वायर आधी सोडावी. स्पार्क प्लगच्या वायरा जिथे एकत्र येतात त्या टोपीवर आणि हवेच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी बांधावी. पाण्याचा फवारा मारू नये, ओल्या फडक्याने पुसावं.

"फवारा?" मामा हसला. "आठ दिसाला एकदा नळ येतो तुमच्या जालन्यात. फवारा माराय काय दूध आणू?"

आईही हसली. इंग्रजी शाळेमुळे माझी मराठी आधीच अडखळत होती. माझे कान तापले. पानावर शेवटची एक ओळ उरली होती, जाड अक्षरांत. ती मी वाचली, पण मनातच. पुस्तक मिटलं आणि "झालं" म्हणून पायरीवर येऊन बसले.

मामाने बाकी सगळं पुस्तकाप्रमाणे केलं, हे मी कबूल करते. काळी वायर सोडली, पिशव्या सुतळीने बांधल्या, जुन्या ब्रशने धूळ झाडली. मग वाटीभर रॉकेल घेऊन वर्षानुवर्षांचा काळा चिकटा घासायला लागला. त्यानंतरच ते टाकीचं बोलणं माझ्या कानावर आलं.

मामा हात धुवायला आत गेला तेव्हा मी फाटकाशी गेले. कुणी बघत नाही अशी खात्री करून त्याची मोटारसायकल दोन्ही हातांनी हलवली आणि टाकीला कान लावला. तळाशी जेमतेम डुचमळलं. म्हणजे भरलेलं नव्हतं. तिच्या बाजूच्या डिक्कीत बाटली असेल असं वाटलं. डिक्कीत आपट्याची पानं आणि एक टॉवेल निघाला. मीच कुठेतरी चुकत होते, पण संशय सोडवेना. पेट्रोल काढलं तर होतं. मग गेलं कुठे?

तेवढ्यात बाबा अंघोळ करून, पांढरा सदरा घालून बाहेर आले. आईच्या हातात पूजेचं ताट होतं. इंजिन खरोखर चकचकीत झालं होतं. बाबा वाकून बघत राहिले. वास आला असणार, पण साफसफाईला रॉकेल वापरलंय हे त्यांना ठाऊक होतं.

"हे झाकण पितळी आहे, हे आज कळलं मला," ते म्हणाले.

मामाचं तोंड फुललं. बाबांनी हळदी-कुंकू घेतलं आणि बॉनेट मिटून त्यावर लावायला हात वर केला.

"दाजी, टोपीला कुंकू लावून डोक्याला लागतं व्हय?" मामा म्हणाला. "आमच्याकडं टॅक्टरच्या इंजिनलाच लावतो आम्ही. डिझेलनं घासून काढायचं, तिथंच कापूर लावायचा, तिथंच ओवाळायचं. इतकी वर्सं झाली, कधी काही झालं न्हाई."

"मग आमच्या गाडीनेच काय पाप केलंय!" बाबा म्हणाले, आणि हसले. मामाकडे बघून हसले. आईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू सण आत्ता सुरू झाला. "माळ आण," ती म्हणाली.

मी माळ घेऊन गाडीजवळ गेले. पुढच्या चाकामागे तुपाचा जुना डबा होता, त्यात ब्रश उभा होता आणि निम्म्याच्या वर पातळ काहीतरी होतं. मी वाकून बोट बुडवलं. रॉकेल असतं तर बोट तेलकट राहिलं असतं. हे बर्फासारखं गार लागलं आणि बघता बघता उडून गेलं. वर पाहिलं तर बॅटरीच्या कडेला ओल्या चिंध्यांचा बोळा तसाच खोचलेला होता आणि इंजिनाच्या खोबणींत अजून ओल चमकत होती.

तो पेट्रोल चोरत नव्हता. रॉकेलने चिकटा निघेना, म्हणून बाबांना खूश करायला त्याने गाडीतलंच पेट्रोल काढून गाडीलाच लावलं होतं. त्याच्या लेखी ते डिझेलसारखंच एक घासायचं तेल. आणि त्याला अडवणारी ओळ सकाळी माझ्याजवळ होती.

आईने निरांजन लावलं. बाबांनी ताट हातात घेतलं, त्यात कापराच्या दोन वड्या ठेवल्या. मामा अभिमानाने बॉनेट धरून उभा होता, चेहरा इंजिनापासून हातभर अंतरावर.

मी बोलले तर बाबांचं ते हसणं तिथेच संपणार होतं, हे मला दिसत होतं. आईचा चेहरा दिसत होता. तीन वर्षांचा अबोला आणखी तीन वर्षांनी वाढणार होता. आणि माझी खात्री कितीशी होती? पाच मिनिटांपूर्वी मी एका माणसाला चोर ठरवून त्याची डिक्की उघडली होती. मला वाटलं, आई सांगेल. मला वाटलं, मामाच सांगेल. बाबांनी एक पाऊल पुढे टाकलं आणि ज्योत वाऱ्याने इंजिनाकडे वाकली.

मी माळ टाकली आणि दोन्ही हातांनी बाबांचं मनगट धरलं.

"बाबा, मागे सरा. मामा, तूही. इंजिनवर पेट्रोल आहे. ते लावू नये असं पुस्तकात लिहिलं होतं, ती ओळ मी वाचून दाखवली नाही."