चार इंच आणि इंदूबाईंचा गुडघा

दर्यापूर रोडकडच्या झेंडूवाल्या इंदूबाईंवर मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी अन्याय झाला. ठिकाण, अमरावतीतलं आमचं वर्कशॉप. अन्याय करणारे तिघे: त्यांचा मुलगा गोपाल, गोपालच्या मोबाईलवरचा एक व्हिडिओ आणि मी. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण जॉब कार्डवर ती मीच लिहिली. त्याच कार्डावर 'गाडी वापरणार कोण?' असा रकाना आहे. त्यात मी 'गोपाल' लिहून मोकळी झाले. इंदूबाई माझ्यापासून तीन फुटांवर, उलट्या बादलीवर बसल्या होत्या.

त्यांच्या डोक्यामागच्या भिंतीवर माझं कॉलेजातलं पत्रक चिकटवलेलं आहे. पांदण रस्त्यांच्या, म्हणजे शेतात जाणाऱ्या कच्च्या वाटांच्या प्रश्नावर मी अशी पत्रकं लिहून गावोगाव वाटली आहेत. त्यातलं एक वाक्य जाड अक्षरात आहे: 'निर्णय घेण्याआधी वापरणाऱ्याला विचारा.'

आमचा धंदा पाट्यांचा. पाटे म्हणजे जीपच्या चाकांवर एकावर एक रचलेल्या, धनुष्यासारख्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्या. गाडीचं आणि मालाचं सगळं वजन त्यांच्यावर असतं. अब्बांचं आयुष्य त्यांना घण मारण्यात गेलं. मी डिप्लोमा करून आले आणि जॉब कार्ड आणलं.

गोपालला जीप चार इंच उचलायची होती. याला लिफ्ट म्हणतात. पाट्यांखाली लोखंडी ठोकळे घालायचे किंवा पाटेच जास्त बाकाचे बसवायचे, की बॉडी वर जाते.

"ताई, आमच्या पांदणीत गाडी रुतते," गोपाल म्हणाला. "पानी पडलं का दोन दोन तास तिथंच. फुलं मरून जातात."

"मग दोन इंच बघू. चार कशाला?"

"चारले लुक येते. पुढच्या महिन्यात आमचा ग्रुप सेमाडोहच्या जंगलात चालला. सगळ्याइच्या गाड्या उचलेल हायेत. माहीच बकरीवानी दिसन."

मी त्याला सांगितलं की चाकांच्या दांड्याच्या मधोमध गिअरचा लोखंडी गोळा असतो, तोच आधी जमिनीला टेकतो, आणि लिफ्टनं बॉडी वर गेली तरी गोळा तिथंच राहतो. उंच गाडी घाटाच्या वळणावर कलंडायला बघते, तेही सांगितलं. एवढा बदल आरटीओत चालत नाही, हेही.

"आरटीओवाला पांदणीत येते काय, ताई?"

इथं मी कार्ड फाडायला हवं होतं. पण त्यानं व्हिडिओ लावला. त्यात एक जीप नाल्यातून अशी काही निघाली, की मीही दोनदा बघितला. मग म्हटलं, आधी फळ्यांवर बघू.

ही माझी पद्धत. लोखंड कापायच्या आधी गाडीच्या चारी चाकांखाली हव्या त्या जाडीच्या फळ्या घालते. गिऱ्हाइकाला लिफ्टनंतरची उंची फुकटात दिसते. गोपालनं जीप फळ्यांवर चढवली, खाली उतरून चारी बाजूंनी फोटो काढले, आणि मग म्हणाला, "आई, बसून पाह्य बरं."

इंदूबाई उठल्या. एक पाय वर टाकला, तो पोचला नाही. दुसरा टाकला, तो पोचला, पण तो दुखऱ्या गुडघ्याचा होता. मग त्या पाठमोऱ्या झाल्या आणि सीटवर बसायला गेल्या. सीट त्यांच्या पाठीला लागली. त्यांनी पदर नीट केला आणि परत बादलीवर जाऊन बसल्या.

"तुमी जा. मी एसटीनं येतो."

"स्टूल ठेवू ना आई गाडीत," गोपाल म्हणाला.

"मी चढलो का स्टूल खालीच राहिलं. ते कोन उचलन?"

"त्याले दोरी बांधू. तू वरून वढून घेजो."

त्यानं खरंच आमचं स्टूल घेतलं, दोरी बांधली आणि वर बसून ओढून दाखवलं. स्टूल दारावर आपटलं, उलटं झालं आणि लोंबत राहिलं.

"म्हंजे या वयात मी आता स्टूल शेंदू?" इंदूबाई म्हणाल्या. "हीर हाय का जीप हाय?"

मी बाजूला पायरी लावायचं सुचवलं आणि तोंडातून निघताच कळलं की काय बोलले. पायरी खाली लोंबते. गाडी चार इंच वर न्यायची, आणि पांदणीत सगळ्यात आधी चिखलात रुतेल अशी वस्तू तिला खाली लटकवायची. गोपालला मात्र ही आयडिया आवडली. "लाइटवाली भेटते का, ताई?"

एवढ्यात अब्बा चहा घेऊन आले. फळ्यांवरची जीप, लोंबणारं स्टूल आणि बादलीवरच्या इंदूबाई असं सगळं त्यांनी क्रमानं पाहिलं.

"गाडी कोनाची हाय?" त्यांनी विचारलं.

"आपलीच, चाचा."

"माह्या नावावर हाय," इंदूबाई म्हणाल्या. "पन मले इथं कोनी इचारलंच नाई."

मी भिंतीकडे बघायचं टाळलं.

"मंग मी इचारतो, बाई. गाडी अडकते काहून?"

"ते खालून अडकतच नाई, भाऊ. काळी माती चाकाले लागते, चाक फुगते, अन् वरच्या पत्र्यात फसते. उजव्या आंगाले, मांगचं. हा तं खाली उतरतच नाई, ष्टेरिंगवर बसून गाने आयकते. खुरप्यानं माती मीच काढतो ना."

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. "बेटा, गाडीखाली गेली होती का तू?"

गेले नव्हते. मी व्हिडिओ पाहिला होता.

फळ्या काढल्या. खाली गेले. मागच्या उजव्या पाट्यांचा बाक पार गेलेला, पाटे जवळजवळ सरळ. टेप लावली. त्या बाजूला चाक आणि वरचा पत्रा यांच्यातली फट दोन इंचांनी कमी होती. कारणही सापडलं. मागे डावीकडे गोपालचा खोक्याएवढा स्पीकर होता, त्यामुळे खताच्या पोत्यांपासून ओल्या फुलांच्या कॅरेटपर्यंत सगळा माल वर्षानुवर्षं उजवीकडे बसत आला होता. गाडी बुटकी नव्हतीच. ती बसली होती. आणि बसलेल्या गाडीला आम्ही टाचा उंच करून द्यायला निघालो होतो.

"म्हंजे लिफ्ट नाई?" गोपालचा चेहरा उतरला.

"पाटे ठोकून जुनी उंची परत देऊ. टायर कंपनीच्याच मापाचे घे, फक्त रुंद खाचांचे, म्हणजे माती झटकली जाईल. आणि स्पीकर काढ."

"स्पीकर काहून?"

"त्यानं पाटे पुन्हा बसतीन अन् तू पुन्हा गाडी उचलाले निंघशील. मंग मी घरी बसलो तं तू मंडईत काय करशील, ते सांग आधी," इंदूबाई म्हणाल्या. "मांगच्या खेपेले मले ताप होता. यानं सगळा झेंडू पयल्याच व्यापाऱ्याले देला, अन् वरून त्याले थँक्यू म्हनून आला. मी गाडीत चढलो नाई तं आपला मळा उठलाच समज. निंघू दे तो डब्बा."

स्पीकर निघाला. अब्बांनी दोन दिवसांत पाटे खोलले, एकेक पाटा ठोकून बाक परत आणला, एक तडकलेला होता तो बदलला. गुरुवारी संध्याकाळी इंदूबाईंनी जीपच्या दाराचा दांडा धरला आणि एका दमात आत बसल्या. मग उतरल्या आणि पुन्हा चढून बघितलं. मग म्हणाल्या, "आता कार्डावर माहं नाव लिव."

लिहिलं. गोपालचं खोडून.

पाऊस लागल्यावर त्यांचा फोन आला. पांदणीतून गाडी निघते. एकदाच अडकली. "खुरपं घरी राहून गेलं होतं. मंग गोपाललेच उतरवलं, म्हनलं हातानं काढ. आता रोज सोताच खुरपं घेते तो."

आणि गोपालनं काय केलं? फळ्यांवर काढलेले फोटो, खालच्या फळ्या दिसणार नाहीत असे कापून, ग्रुपवर टाकले. त्याच आठवड्यात अकोल्याहून तीन पोरं 'गोपालसारखी चार इंच' मागत आमच्याकडे आली. तिघांनाही विचारलं, गाडीत तुमच्याशिवाय कोण बसतं? तिघंही घरी फोन लावायला बाहेर गेले. म्हणून आता जॉब कार्डवर नवा रकाना आहे: 'गाडीत बसणारं सर्वांत दुखऱ्या गुडघ्याचं माणूस. नाव आणि सही.'

तुम्हीही गाडी उचलायच्या बेतात असाल, तर उद्या सकाळी हे करा. चारी चाकांखाली चार इंचाच्या फळ्या घाला. घरातल्या त्या माणसाला बोलवा आणि म्हणा, बसून दाखव. हात देऊ नका, स्टूल देऊ नका, तोंड बंद ठेवून फक्त बघा. मग गाडी अडकते कुठं, हेही त्यांनाच विचारा, आणि कार्डावर सही करायला त्यांना सोबत घेऊन या. तुमचा व्हिडिओ घरी ठेवा. त्या सहीशिवाय मी तुमच्या गाडीचा एक नटही ढिला करणार नाही.